तेरा सेंटीमीटर

घाटकोपरच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. गळ्यात शिलाईची टेप. मशीनवरून तशीच उठून आली असावी. पलीकडे नवरा डोळे मिटून टेकला होता. त्याचा रिपोर्ट नुकताच हातात आला होता, डॉक्टर सोमवारी बघणार होते. तिनं टेप स्वतःच्या बरगडीखाली धरली आणि बोट सरकवत मला दाखवू लागली.

"दादा, मागच्या वर्षी ह्यांचं लिव्हर अठरा सेंटीमीटर होतं. आज तेरा. मोठ्या माणसाचं पंधरापर्यंत नॉर्मल ना? म्हणजे सूज उतरली ना?"

दारूनं सुजलेलं लिव्हर पुढे आक्रसतही जातं, हे मला माहीत होतं. माझ्या भावाचं असंच नॉर्मलमध्ये आलं, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. पुढचा गणपती त्यानं पाहिला नाही.

"हो," मी म्हणालो.

ती नवऱ्याकडे वळली. "ऐकलंत? नॉर्मल आलंय."

त्यानं पिवळे डोळे उघडले. "मग आज क्वार्टर?"

"एकच हां," म्हणत तीही हसली.

तिला धीर द्यायला मी हो म्हणालो, असं बरेच दिवस स्वतःला सांगत राहिलो. खरं बोललो असतो तर भावाचा विषय निघाला असता. नॉर्मल कळल्यावर त्याचा पहिला ग्लास मीच भरला होता.