गाडी नारळाने चालू झाली नव्हती

परवा पुतण्याच्या साखरपुड्यात आमच्या चुलत सासऱ्यांनी पुन्हा तोच किस्सा रंगवून सांगितला. "नवरीची गाडी बंद पडली, मी नारळ फोडला आणि फटकन चालू!" सगळे हसले... मी हातातलं ताट ठेवून बाहेर निघून गेले. आता एकदाच लिहून टाकते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेत, लिंबायतला आमच्या दारातच मांडव घालून माझं लग्न होतं. माझे वडील, आप्पा, गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचे आणि घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान होतं. शाळेतून आले की मी त्यांच्या हाताखाली.

पंगती चालू असताना या चुलत सासऱ्यांनी वराकडची ॲम्बेसेडर धुवायला काढली. धुवा की... पण बॉनेट उघडून थेट इंजिनवर पाण्याचा पाइप! आप्पा हात जोडून म्हणाले, "भाऊ, आत पाणी नका मारू. डिस्ट्रिब्युटर ओला झाला तर स्पार्क मिळणार नाही, गाडी चालूच होणार नाही."

"आज तुम्ही मुलीचे बाप आहात. मिस्त्रीगिरी उद्या करा." चारचौघांत असं बोलले. पाइप चालूच राहिला.

पाठवणीला व्हायचं तेच झालं. मी मागे सासूबाईंशेजारी बसलेली, आई खिडकी धरून रडतेय आणि गाडी नुसती घर्र घर्र... आप्पा पुढे झाले तर चुलत सासऱ्यांनी हात आडवा केला. मुलीच्या बापाने आता हात लावायचा नाही म्हणे!

तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी बोललंच, "पायगुण बघा पोरीचा. अजून उंबरासुद्धा ओलांडला नाही..."

पाइप यांचा, पाणी यांनी मारलेलं आणि पायगुण माझा? माझ्या डोळ्यांतलं पाणी तिथेच आटलं.

"किल्ली फिरवू नका, बॅटरी उतरेल," मी ड्रायव्हरला म्हणाले. सगळे वळून बघायला लागले. आमचे हे पुढच्या सीटवर बसून समोरच्या काचेकडे बघत होते... त्याबद्दल त्यांना मी आजही ऐकवते.

सासूबाईंनी मात्र माझ्याकडे नीट बघितलं. "तुला कळतं का यातलं?"

"दुकानातच वाढले मी."

त्या खानदेशातल्या, घरात अहिराणीच बोलायच्या. म्हणाल्या, "मंग उतर वं माय, तूच देख."

शालूचा पदर खोचला. आप्पांनी दुकानातून पाना आणून माझ्या हातात दिला, कुणाकडे न बघता. आधी बॅटरीचं टर्मिनल काढलं, मग डिस्ट्रिब्युटरचं झाकण... आतून थेंब ओघळत होते. कोरडं फडकं सापडेना, तर सासूबाईंनी माझ्या ओटीतला नवाकोरा सुती खण काढून दिला. त्याने झाकण, कॉइल, प्लगच्या वायरी एकेक करून पुसल्या आणि बॉनेट उघडं ठेवून वीसेक मिनिटं सगळं वाळू दिलं.

मग झाकण बसवलं, टर्मिनल लावलं आणि किल्ली फिरवा म्हणाले. तेवढ्यात चुलत सासऱ्यांनी चाकापुढे नारळ फोडला. पहिल्या झटक्यात गाडी चालू झाली... आणि टाळ्या त्यांना!

आप्पा खिडकीशी आले. मला वाटलं आशीर्वाद देतील. ते वाकून हळूच म्हणाले, "टर्मिनल घट्ट केलंस ना?" मी मान हलवली आणि मग आम्ही दोघंही रडलो.

आज आप्पा नाहीत, सासूबाईही नाहीत. पण त्या होत्या तोवर घरात कुणी 'पायगुण' हा शब्द काढायची हिंमत केली नाही. त्या गर्दीत 'तुला कळतं का' एवढं विचारणारं एक माणूस होतं... म्हणून मी सासरी मान ताठ ठेवून गेले.