आक्काच्या औषधाचे खुराक

हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाई. मालकाला न्हाई, पोटच्या लेकीला न्हाई. तुमाला सांगायलेय — का, ते माझं मलाच ठाऊक न्हाई. बसा जरा.

निजामाचं राज होतं तेव्हाची गोष्ट. आमचं गाव चारठाण्याच्या अंगाला. घरात थोरली जाऊ — आक्का म्हणायचो आमी तिला — अन् मी धाकली. आक्काची जीभ लय तिखट! पण भाकर करावी तर तिनंच. मी तिच्या हाताखाली दबून असायचे.

मग तिला संधिवातानं धरलं. मनगटं सुजली, बोटं वळेनात, सकाळी तांब्या उचलायचा म्हटलं तरी डोळ्यात पाणी. तिच्या मालकानं, भाऊजींनी, तिला बैलगाडीत घालून सेलूच्या डाक्टरकडं नेलं. औषधाची शिशी मिळाली. शिशीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली — एक खाच म्हणजे एका वेळेचा खुराक. दिवसातून तीनदा, पोटात भाकर गेल्यावर. चुकवायचं न्हाई. पाजायचं काम माझ्याकडं.

ते तोंडात गेलं की आक्काला मळमळायचं, कानात गुणगुण व्हायची. मग मला शिव्या. "जीव घ्यायलीस का माझा?" दोन-चार दिवस मी रेटलं. मग — मग काय केलं असेल मी? एक खुराक परसात ओतला, अन् पाणी घालून पातळ केलंय असं सांगून आक्काला नुसतं पाणीच पाजलं. शिशी उजेडात धरून बघितली. औषध बरोबर खाचेला आलेलं! भाऊजी पट्टी बघायचे, मान डोलवायचे. मग रोज, तिन्ही वेळा तेच. तीन शिश्या, बाई, तीन!

भांडणाला भ्याले म्हणून ओतलं, असं मी मनाला सांगत आले. सगळंच खोटं न्हाई ते, पण — त्या दिवसांत चूल माझ्या हातात होती. कालवणात काय घालायचं, कुणाला किती वाढायचं, मी ठरवायचे. आक्का बरी झाली की ते गेलं. इतकंच. एवढ्यासाठी मी तिला कण्हू दिलं.

चौथ्या खेपेला मीही संगं गेले. डाक्टरांनी तिची बोटं दाबून पाहिली. म्हणाले, तीन शिश्या पोटात जाऊनही उतार न्हाई, म्हणजे हे औषध लागू पडत न्हाई, बंद करू. आक्कानं सुजलेला हात पदराखाली घेतला. तेव्हा तरी सांगावं की न्हाई? न्हाई सांगितलं. "साहेब, आणखी एक शिशी द्या," एवढंच म्हणाले. कानातल्या गुणगुणीचं मात्र बोलले, तर त्यांनी खुराक थोडा कमी केला.

त्या शिशीतला थेंब सांडू दिला न्हाई. आधी दुधात कुस्करलेली भाकर, मग औषध, मग तिच्या शिव्या — लय गोड लागल्या हो त्या शिव्या! घोट गिळेस्तोवर मी समोरून हलायचे न्हाई. आठ-दहा दिवसांत सूज उतरायला लागली. एका सकाळी आक्का आपली आपण उठली, परातीत पीठ घेतलं अन् मला म्हणाली, "सरक तिकडं." मी सरकले. काय आनंद झाला म्हणून सांगू! अंगणात जाऊन रडले.

पुढं वीस वर्षं आक्कानं भाकरी केल्या. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी वाकडीच राहिली. थापताना ती टेकायची न्हाईत. कुणी विचारलं की म्हणायची, धाकलीनं नेमानं औषध पाजलं म्हणून एवढा तरी हात वाचला माझा. मी तिथंच बसलेली असायचे. ऐकून घ्यायचे, अन् भाकरीसाठी ताट पुढं करायचे.