खुर्ची खिडकीकडे

आमचे उजेडमामा कोणालाही बसल्या जागी बसू देत नसत. घरी पाहुणा आला, की पाण्याचा ग्लास पुढे करण्याआधी "भाऊ, जरा इकडं सरका, तोंडावर अंधार हाय," म्हणून त्याला उठवत आणि उजेडात नेऊन बसवत. माझी आई, म्हणजे त्यांची धाकटी बहीण, दवाखान्यात होती तेव्हा त्यांनी सिस्टरची मनधरणी करून तिचा पलंग खिडकीच्या बाजूला फिरवून घेतला होता. "उजेड असला का डॉक्टरले बी पेशंट बरा दिसते," हे त्यांचे कारण. बडनेऱ्यात स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. अर्ध्या गावाची लग्ने आणि बारशी त्यांच्या कॅमेऱ्यातून गेलेली. त्यांचे खरे नाव फक्त दुकानाच्या पाटीवर होते.

या सवयीने त्यांचा एकदाच घात केला, तोही स्वतःच्या लग्नात. मुलगी पाहायला ते चांदूर रेल्वेला गेले. मामींच्या डाव्या गालावर कोडाचा पांढरा डाग आहे, हे मध्यस्थाने आधीच सांगितले होते आणि मामांचे त्याबद्दल काही म्हणणे नव्हते. पण खोलीत अंधार होता. मामी येऊन बसल्या आणि हे गृहस्थ सवयीने बोलून गेले, "खुर्ची जरा खिडकीकडं घ्या." मामींच्या भावाने निमूटपणे खुर्ची सरकवली. मामी मान खाली घालून उजेडात बसून राहिल्या. लग्न ठरले आणि झालेही, पण त्या दिवशी डाव्या गालावर आलेला पदर नंतर कधी खाली गेला नाही.

नव्या संसारात मामांनी एकदा हौसेने त्यांच्यावर कॅमेरा धरला, तेव्हा मामी म्हणाल्या, "त्या दिवशी पाह्यलं ना नीट? आता अजून काय पाहाचं राह्यलं?" आपण काय करून बसलो ते मामांना तेव्हा कळले. त्यांनी परोपरीने समजावले. मामींनी सगळे ऐकून घेतले आणि पदर तसाच धरला. शेवटी मामांनी शब्द दिला, की तू म्हटल्याशिवाय तुझा फोटो काढणार नाही. तो शब्द त्यांनी पाळला. मामी तशा अबोल नव्हत्या, संसारही चांगला हसतखेळत चालला होता. फक्त कॅमेरा दिसला की डावा हात गालाशी जाई.

डिजिटल कॅमेरे आले तेव्हा मामांची पंचाईत झाली. कॉम्प्युटर त्यांना कधी वश झाला नाही. मग फोटो नीट करायचे काम मी अकोल्याला माझ्या घरी बसून करून देऊ लागले. एकदा कोणा नवरीचे फोटो पाहता पाहता ते म्हणाले, "साऱ्या जगाच्या बायकाईचे फोटू काढले म्या. घरात तिचा एक नाई." आणि पुढच्या फोटोकडे वळले. मला त्यांचा एवढा कळवळा आला, की मामींचा रागच आला.

अशात अकोल्याच्या एका शेठजींनी जैसलमेरच्या पलीकडे वाळूत तंबूंचे रिसॉर्ट बांधले. त्यांच्या मुलीच्या लग्नात मामांनी काढलेले फोटो त्यांना पसंत पडले होते. रिसॉर्टच्या वेबसाइटसाठी पहाटेपासून अंधार पडेपर्यंतच्या बदलत्या उजेडातले फोटो हवेत, म्हणून त्यांनी मामांना बोलावले. अशा बाहेरच्या कामांना मी मदतीला बरोबर जातच असे; एक तंबू मोकळा होता, तेव्हा मामीही निघाल्या.

वाळवंट म्हणजे ऊन, आणि उन्हाबद्दल आम्हा वऱ्हाडच्या माणसांना कोणी काय शिकवावे? जानेवारी असूनही आम्ही सुती कपडे भरले, डोक्याला बांधायला दुपट्टे घेतले. ऊन लागू नये म्हणून मामींनी पिशवीत कांदे टाकले. स्वेटर एकानेही घेतले नाही. पहिल्याच पहाटे तंबूबाहेर पाऊल टाकले आणि आमचे दात वाजायला लागले. मामांनी कांद्यांच्या पिशवीकडे पाहिले आणि म्हणाले, "याची आता भजीच करा लागते."

रिकाम्या जागेचा फोटो काढण्याआधी तिथे माणूस बसवायचा, ही मामांची जुनी रीत. "वाळूले काय समजते उजेड आला का नाई? माणसाच्या तोंडावर समजते," असे ते म्हणत. चेहऱ्यावर उजेड मनासारखा उतरला, की एकदोन फोटो काढून पाहायचे, मग माणसाला उठवून जागेचा फोटो घ्यायचा. एरवी बसायचे काम माझे असे. पण त्या पहाटे चेहऱ्यावर उजेड परतवायचा थर्माकोलचा पांढरा तुकडा वाऱ्यात दोन्ही हातांनी धरून मी उभी होते. काकडत्या मामी म्हणाल्या, "मी बसतो तिथी. पन माहे फोटू मंग सारे पुसाचे."

"पुसून टाकीन," मामा म्हणाले.

मामी रिसॉर्टची रजई गुंडाळून तंबूसमोरच्या खुर्चीवर बसल्या. दोन्ही हात रजईच्या आत होते. पूर्वेकडे वाळू निळसर होती, मग हळूहळू तांबूस झाली. वाऱ्याने मामींचा पदर गालावरून घसरला आणि मामांनी कॅमेरा खाली घेतला.

"पदर," ते म्हणाले.

"राहू द्या. हात गार पडून राह्यले," मामी म्हणाल्या.

मामांनी कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला.

त्या दिवशी मामी प्रत्येक जागी बसल्या. ऊन वर आले, थंडी गेली, रजई तंबूत गेली, तरी पदर वर आला नाही. दुपारी मामांनी काम बंद ठेवले. भर दुपारचे ऊन सगळे सपाट करून टाकते, तेव्हा त्या उन्हालाही झोपू द्यावे आणि आपणही झोपावे, हा त्यांचा नियम त्यांनी तिथेही मोडला नाही. चार वाजल्यानंतर सावल्या लांबल्या आणि वाळूच्या प्रत्येक लहरीला कडा आली. उन्हे अगदी कलली तेव्हा मामी टेकाडावर बसून पायातली वाळू झटकत कशाला तरी हसत होत्या. डाव्या गालावर पिवळे ऊन होते. मामांनी किती फोटो काढले कोण जाणे. जागेचा फोटो घ्यायला ते जवळजवळ विसरलेच.

रात्री जेवणाआधी मी लॅपटॉपवर दिवसभराचे काम उघडले. तिथेच मुक्कामाला असलेले शेठजी मागे येऊन उभे राहिले आणि टेकाडावरच्या त्या फोटोशी थांबले. "हाच पाहिजे. पहिल्या पानावर हाच टाकू. फक्त गालावरचा तेवढा डाग काढून टाका, कॉम्प्युटरवर होते ना?" शेठजी वाईट माणूस नव्हते. मामी शेजारीच बसल्या होत्या. त्यांचा हात पदराकडे गेला.

"नाई," मामा म्हणाले. "हा फोटू तुमच्या कामाचा नाई." मग मला म्हणाले, "पुस. तिचे सारेच पुस."

मी पुसले. दुसऱ्या कोणी सांगितले असते तर हात चालला नसता. नंतर बाहेर गाठून मी त्यांच्यावर चिडले. जन्मभर ज्याची वाट पाहिली तो फोटो शेठजींना दिला नसता म्हणजे झाले असते, तो पुसायचा कशाला?

"शब्द देल्ला होता बाई," ते शांतपणे म्हणाले. "अन् म्या पाह्यला ना. दिसभर पाह्यला."

परतताना गाडीत मामींचा पदर पुन्हा गालावर होता.

मागच्या हिवाळ्यात मामा गेले. सकाळी ओसरीत उन्हाला बसले होते, तिथेच. मला अजूनही कोणाच्या घरी गेले, की आधी उजेड कुठून येतो ते पाहिल्याशिवाय बसवत नाही. ते गेल्यावर काही दिवसांनी बडनेऱ्याला गेले, तेव्हा भिंतीवर त्यांचा फोटो लागलेला होता. मामी म्हणाल्या, "कॅमेरा आनला का? याईच्या बाजूले माहा फोटू पाह्यजे."

मी कॅमेरा काढला. मामींनी स्वतः खुर्ची उचलली, खिडकीकडे नेली, बसल्या आणि पदर खांद्यावर घेतला. डावा गाल उजेडात आला. मामांच्या सवयीने मी त्यांची हनुवटी जराशी वळवायला हात पुढे केला.

"राहू दे," मामी म्हणाल्या. "उजेड कुठून येते ते ठाव हाय मले. काढ तू."