परातीएवढा अंबाडा

पार्लरच्या कोपऱ्यात केस साचतात तसेच किस्सेही साचतात. केस मी झाडून काढते. किस्से राहतात आणि डोकं तापवतात! जळगाव जामोदच्या माझ्या पार्लरात मी जुन्या कोरियन चित्रांचे प्रिंट हौसेनं लावले. वाटलं, लोक केशरचना बघतील. कसलं काय!

* * *

पहिल्याच दिवशी एक कॉलेजकन्या आली. "मॅम, मले कोरियन हेअरस्टाईल पाहिजे."

मी खुशीत भिंतीवरचं चित्र दाखवलं. लांब वेणी, टोकाला लाल फीत.

"हे नाही ओ," ती मोबाईल पुढे करत म्हणाली, "मले असली कोरियन पाहिजे!"

* * *

एका चित्रातल्या बाईच्या डोक्यावर परातीएवढा अंबाडा आहे. सुनेला घेऊन आलेल्या एक सासूबाई तो न्याहाळत होत्या. "खरे हायेत का एवढे केस?"

"गंगावन आहे, मावशी. थाट होता तो. ओझ्यानं माना दुखायच्या बायकांच्या."

"दुखू दे," सुनेकडे बघत त्या म्हणाल्या, "मान खाली तं राहत असन!"

असा संताप आला! पण गिऱ्हाईक पडलं ना.

* * *

दुसऱ्या चित्रात काळी, जाळीदार टोपी घातलेला पुरुष आहे. बायकोची वाट बघत बसलेल्या एकानं विचारलं, "टोपीतून आरपार दिसून राह्यलं. ऊन नसन लागत याले?"

म्हटलं, ती घोड्याच्या केसांची, मानाची टोपी आहे, उन्हाची नव्हे.

संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं की माझ्याकडची गंगावनं घोड्याची! दुसऱ्या दिवशी एका नवरीच्या आईनं गंगावन उचलून चक्क वास घेतला. वास!

* * *

घरमालक भाऊराव वरच्या मजल्यावर राहतात. त्यांची बहीण सुनंदाताई हेडमास्तरीण, पन्नाशीची, बिनलग्नाची. शाळा चालवतात, पण घरच्या बैठकीत त्यांना जागा नाही. पाहुणे आले की भाऊराव एवढंच म्हणतात, "सुनंदा, चहाचं पाह्य."

एकदा दोघं खाली पार्लरात आले, तेव्हा मी सांगत होते, कोरियात लग्नाआधी मुलगा असो की मुलगी, एकच वेणी. लग्न झालं की पुरुषाला बुचडा, बाईला अंबाडा. लग्नच झालं नाही तर म्हाताऱ्यालाही पोरच समजायचे.

भाऊराव खूश! बहिणीला चित्रापुढे उभं करून म्हणाले, "पाह्य सुनंदा, कोरियातबी तू पोरच!"

माझी चित्रं, आणि त्यांना टोचायला! मी रागानं ती काढायला स्टुलावर चढले.

"राहू दे," सुनंदाताई म्हणाल्या.

* * *

भाऊरावांच्या मुलाच्या सोयरिकीची बोलणी होती. मुलीकडचे रोहिणखेडहून येणार होते. त्या सकाळी सुनंदाताई येऊन खुर्चीत बसल्या आणि परातीएवढ्या अंबाड्याकडे बोट केलं. "हा घाल."

"ताई, हा तर लग्न झालेल्या..."

"मले माईत हाये. घाल."

दुकानातली सगळी गंगावनं लागली. मान ताठ ठेवून त्या जिना चढल्या. मागे मी, पिनांचा डबा घेऊन.

त्यांना बघून पाहुण्यांची अख्खी ओळ उठली. मुलीच्या आजोबांनी मधला लोड सरकवला. "या बाई, बसा. घरातल्या मोठ्या तुम्हीच दिसता. तुमच्याशीच बोलतो आम्ही."

भाऊराव दारातच उभे. सुनंदाताई लोडापाशी बसल्या आणि मान जराही न हलवता म्हणाल्या,

"दादा, चहाचं पाह्य."