ताकाचं काय करायचं?

येवल्याच्या स्टँडवर नाशिकची गाडी लागली, तेव्हा आईनं माझ्या हातात लोण्याचा डबा दिला. नवऱ्याला अंबडच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून आमचं बिऱ्हाड निघालं होतं. "संपलं की ये," एवढंच ती म्हणाली. निफाड येईतो लोणी वितळायला लागलं आणि मी डबा मांडीवर धरून रडत बसले. लोण्यासाठी रडत होते की गावासाठी, तेव्हाही नीट कळलं नव्हतं.

आता मीच लोणी करते, आणि विकतेही. घरच्या ओव्हनमध्ये बन भाजते, सोबत छोट्या डब्यांतून फ्लेवर्ड बटर देते. साय विरजून मिक्सरला फिरवायची, गोळा बर्फाच्या पाण्यात धुवायचा, दाबून दाबून पाणी काढायचं. मग एकात लसूण-कोथिंबीर, एकात मध-दालचिनी, एकात बारीक चिरलेले बेदाणे. बेदाण्याच्या बटरला गंगापूर रोडवरून फार मागणी. गावाकडच्या मंडळींनो, हसू नका. लोण्यात लसूण घालणारी सून आपल्याकडे निघाली असती तर तिच्या माहेराचा उद्धार झाला असता, हे मलाही ठाऊक आहे.

उरतं ते ताक. आमच्या घरचं दूध डेअरीला जायचं, पण ताक कधी विकलं नाही. सकाळी जो तांब्या घेऊन येईल त्याला द्यायचं. इथं कुणी येत नाही. कढी खाऊन घरचे कंटाळले, मग मी ते सिंकमध्ये ओतू लागले.

यंदा आई आली, थोडे दिवस राहून बघते म्हणून. वडील गेल्यापासून ती आणि तिची म्हैस, दोघीच. तिनं कायमचं इथं यावं असं मला फार वाटतं. म्हैस चुलत्यांकडे सोपवून आली, पिशवीत स्वतःची लाकडी रवी घेऊन. लसणाचं बटर बनला लावून खाल्लं. "चव हाय. पण हे लोणी नाय, चटणी हाय." मग मी ताकाचं पातेलं सिंककडे नेलं आणि तिनं माझं मनगट धरलं.

दुसऱ्या दिवशी ती पातेलं घेऊन उघड्या दारात बसली. लिफ्टमधून येईल त्याला "ताक घ्या" म्हणू लागली. लोक गांगरले. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी विचारलं, "काकू, रेट काय?" आईचा चेहरा पडला. मला आईची लाज वाटली, आणि मग त्या लाजेचीच जास्त लाज वाटली.

"जिथं कोणी ताक मागाया येत नाय, तिथं मी काय करू?" संध्याकाळी ती म्हणाली. मी उरलेलं ताक फ्रीजमध्ये ठेवलं.

काही दिवसांनी त्याच बाई आल्या. ऊन फार वाढलंय, लिफ्ट सारखी बंद पडते, असं बोलत राहिल्या. ओढणीआड स्टीलचा डबा होता.

"ताकाला येऊन भांडं कशाला लपवता?" म्हणत आई खळखळून हसली. डबा भरून गेला. परत आला तेव्हा तळाशी साखर होती. भांडं रिकामं परत करायचं नाही, हे इथंही पाळतात. मला इतक्या वर्षांत कळलंच नव्हतं, कारण मी कुणाला काही दिलंच नव्हतं.

वाटलं, आता राहील. पण रविवारी ती म्हशीच्या काळजीनं गाडीत बसली. या वेळी डबा मी दिला, बेदाण्याच्या लोण्याचा. "संपलं की ये," म्हटलं.

घरी आले तर ओट्यावर तिची रवी. ती गावी पोचल्यावर फोन केला.

"आई, रवी विसरलीस."

"विसरली नाय. ठेवलीय."

"मग तिथं ताक कशानं करशील?"

"बघू," म्हणाली आणि म्हशीला वैरण टाकायला गेली.

परत यायचं म्हणून ठेवली, की तिकडचं घुसळणं संपलं म्हणून? विचारायचा धीर होत नाही. गावी राहिलेल्यांनो, माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, तुम्हाला उमगलं तर सांगा. घर कुठलं असं कुणी विचारलं की मी अजून गोंधळते. मिक्सर मात्र आता कपाटात आहे. सकाळी रवी फिरवते, हात भरून येतात, आणि ताक झालं की दार उघडं ठेवते.