शेवटची बाई

आमच्याकडे त्या नर्सला सगळे ‘शेवटची बाई’ म्हणायचे. हे नाव कुणी पाडलं म्हणाल, तर मीच. माझी पिठाची गिरणी आहे. मशीनच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय, त्यात तोंड आधीच फाटकं. मी एक बोलले की संध्याकाळपर्यंत गावभर झालंच समजा.

पूर्वी ती दवाखान्यात बाळंतपणं करायची. तेव्हा लोक तिला हाताला धरून घरी न्यायचे. मग तिनं दुसरं काम घेतलं. ज्यांचा आजार बरा होणार नाही, त्यांच्या घरी जायचं, दुखणं कमी करायचं, जखमा धुवायच्या, घरच्यांना शिकवायचं. तेव्हापासून तिची स्कूटर दिसली की लोक दारं लावून घ्यायला लागले. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून बिचारी स्कूटर चार घरं अलीकडे उभी करून चालत यायची. झालं काय, एका घराऐवजी पाच घरं घाबरायची!

माझे बाबा सुतार. त्यांचा कॅन्सर हाडांपर्यंत गेला होता. मोठ्या दवाखान्यानं ‘आता घरी न्या’ म्हणून सांगितलं, त्याच आठवड्यात ही बाई गिरणीच्या दारात हजर.

“ताई, उपचार थांबले तरी करण्यासारखं खूप असतं. निदान दुखणं तरी थांबवता येतं.”

मी दळण अर्ध्यात टाकून बाहेर आले. “माझा बाप काही मरायला टेकलेला नाही. चालती हो इथून!” ती निमूट गेली. बाबांना मी यातलं एक अक्षर सांगितलं नाही.

तीन महिने गेले. बाबा नुसते कुशीवर वळले तरी दात आवळायचे. जन्मभर रंधा मारलेले हात चादर पिळत राहायचे. तोंडातून आवाज मात्र काढायचे नाहीत. मग एका सकाळी त्यांनी भिंतीवर डोकं आपटून घेतलं आणि माझ्या काळजाचं पाणी झालं. मीच तिला फोन केला.

मला वाटलं, आता ही उट्टं काढणार. कसलं काय! तिनं स्टूल खाटेजवळ ओढलं आणि विचारलं, “काका, कुठे दुखतं?”

“कंबरेत,” मी म्हणाले. “आणि डाव्या पायात.”

“ताई, दुखतंय त्यांना. त्यांनाच सांगू द्या.”

बाबा बराच वेळ सांगत राहिले. त्यातलं निम्मं मला ठाऊकच नव्हतं.

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या घेऊन ती दुसऱ्या दिवशी सकाळीच आली. “दर चार तासांनी एक. झोपले असले तरी उठवून द्यायची. दुखायची वाट बघायची नाही.” हे तिनं माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं.

दहाला पहिली गोळी दिली. अकराच्या सुमाराला बाबा झोपले. इतके शांत, की माझंच धाबं दणाणलं. नाकाशी बोट धरलं. पाय चाचपले. जरा गार लागले, तर पुन्हा चाचपले. हिची गोळी घेतली की माणूस उठत नाही, असं मीच लोकांना सांगत फिरले होते. आता मीच माझ्या हातानं ती दिली होती. गिरणीपुढे बायका डबे घेऊन हाका मारत होत्या, पण मी जागची हलले नाही.

दोन वाजले. बाबांचा श्वास संथ चालला होता. मनात आलं, एवढी कडक गोळी, आत्ता दुखतही नाहीये, मग कशाला? राहू दे, खरंच दुखेल तेव्हा कामाला येईल. आणि मी ती जपून ठेवली. शहाणी ना मी!

साडेतीनला बाबा किंचाळत उठले. घाईघाईनं गोळी दिली, ती उलटून पडली. फोन केला, तशी ती धावत आली.

“दोनची दिली होती?”

मी मान खाली घातली. तिनं आधी उलटीचं औषध दिलं, मग थोड्या वेळानं गोळी. बाबांची पाठ धरून बसली असताना हळूच म्हणाली, “माझी आई गेली, तेव्हा तिच्या उशाशी एकतीस गोळ्या शिल्लक होत्या. मी जपून ठेवलेल्या. नर्स असून.”

सहा वाजेपर्यंत बाबा निवले. “दुखत नाहीये,” ते म्हणाले. खरं वाटेना म्हणून पाय हलवून पाहिला. मग तिच्याकडे वळले. “बाई, असं औषध होतं, तर इतके दिवस कुठे होता तुम्ही?”

तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “चुकलं काका. मला यायला उशीर झाला.”

मी गप्प बसले असते, तर निभावून गेलं असतं. पण राहवेना. “बाबा, त्या आल्या होत्या. तीन महिन्यांपूर्वीच. मी हाकललं त्यांना.”

बाबा माझ्याकडे बघत राहिले. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर ते एकोणीस दिवस होते. एकही गोळी चुकली नाही. जेवायचे, माझी टिंगल करायचे, खिडकीचं बिजागर कसं बसवायचं ते पडल्या पडल्या सांगायचे. अशाच एका दुपारी त्यांनी विचारलं, “त्या बाईंना हाकललंस, तेव्हा घाबरली होतीस का गं?”

“हो बाबा. फार.”

“मला दिसत होतं ते,” बाबा म्हणाले. “म्हणून तर मी ओरडत नव्हतो.”