उघाडीचा राखणदार

काळुरामचा कशावरच विश्वास नसायचा. कालवणात मीठ टाकलंय असं इंदुबाईने सांगितलं, तरी हा बाबा आधी चाखून बघणार. बायको करवादायची, गाव हसायचं. पण पेणजवळच्या खाडीकाठच्या त्या गावाची भातशेती याच संशयी माणसाच्या जिवावर पिकत होती. खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाला एक दार होतं, उघाडी म्हणतात तिला. तिची राखण काळुरामकडे. भरती ओसरली की तो बांध धुंडाळायचा. खेकड्याच्या बिळाजवळ शेतात ओल दिसली की बोट बुडवून जिभेला लावायचा. खारट लागलं की चिखल भरायला घरटी एक माणूस बोलवायचा. खारं पाणी एकदा आत शिरलं, की दोन-तीन वर्षं भाताचं नाव नको.

शहाण्णव साली त्याचा मुलगा प्रविण, रोह्याच्या कंपनीत शिफ्ट करणारा, एक शब्द घेऊन घरी आला.

"खाडीवर मोठी कंपनी यायचीय, बाबा. सध्या नुसती कन्सेप्ट हाय."

"म्हंजे काय?"

"डोक्यातली कल्पना. जमिनीवर अजून काय नाय."

काळुरामच्या मनात पाल चुकचुकली. जे नाहीच, त्यासाठी बांधावरून रोज कंपनीची जीप कशाला फिरते?

शाळेत सभा भरली. कंपनीच्या साहेबांनी भिंतीवर नकाशा लावला. विकासाची कन्सेप्ट, रोजगाराची कन्सेप्ट, तोंडाला खळ म्हणून नाही. मग हजेरीची वही फिरली; सही म्हणजे जमीन द्यायला होकार, आणि होकार देणाऱ्याच्या घरात नोकरी. घराजवळ नोकरी मिळेल या आशेने प्रविणने खिशातलं पेन काढलं.

काळुराम उठला. "सायेब, यात आमची उघाडी दाखवा."

साहेबांचं बोट नकाशावर फिरलं. बांधाच्या जागी सरळ रस्ता होता, शेतांच्या जागी चौकोनी गोदामं.

"ती या कन्सेप्टमध्ये नाहीये, काका."

"म्हंजे डोक्यातून आमाला काढून झालंय. जमिनीवरून काढायचं तेवढं रायलंय."

कोणी हसलं नाही. वही प्रविणपुढे आली. काळुरामने आयुष्यभर बांधावर संशय घेतला होता. आज पोटच्या पोरावर घ्यायची वेळ आली.

प्रविणने पेनाचं टोपण काढलं, नकाशाकडे पाहिलं, टोपण पुन्हा लावलं.

"सायेब, आमचं घर कुटं हाय यात?"

साहेब नकाशा गुंडाळू लागले.